नामंजूर रजांचा डबा

ये गो बाय, जवळ बस जरा. नाही, फोन नको लावूस मला. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मध्येच "मावशी, दुसरा कॉल येतोय" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे लिहून पाठवतेय. वाचताना तरी माझ्या शेजारी बसल्यासारखी बस, आणि आधी थोडी रागावून घेते ते मुकाट ऐक. तुझी नोकरी जाऊन महिना झाला, आणि मला ते कळतं कुणाकडून, तर तुझ्या आईकडून. तेही कोथिंबिरीच्या जुडीबद्दल बोलता बोलता. मी काय परकी होते? आणि विचारलं तर तू काय म्हणालीस? "मावशी, तुला नाही कळायचं ते. मी त्यांची एम्प्लॉयी नव्हतेच म्हणतात. कन्सल्टंट होते, स्वतःचं काम करणारी. म्हणून काही मिळत नाही."

मला नाही कळायचं! अगं, हेच वाक्य मी कुवेतमध्ये अरबीतून ऐकलंय, आणि तेव्हा तू फ्रॉक घालून फिरत होतीस. तुझ्या काकांना कंपनीनं भर कचेरीत सांगितलं होतं की तू आमचा कामगार नव्हतासच, तू तुझा मालक. ती गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण तिच्यात माझीही थोडी चूक होती. आता सांगते.

आमचे हे परांच्या बांधायचे. मोठमोठ्या टाक्या, चिमण्या, पायपांच्या रांगा, त्यांच्याभोवती लोखंडी पाइप आणि क्लॅम्प लावून माणसांना उभं राहायला जागा करायची. तिकडे त्याला स्कॅफोल्डिंग म्हणतात. इराकची लढाई संपली आणि तिकडे सगळंच नव्यानं उभं करायचं होतं, तेव्हा हे गेले. कंपनी लहान होती. शुऐबाच्या आणि मीना अब्दुल्लाच्या कारखान्यांना माणसं पुरवायची. ह्यांचं काम बघून दोन वर्षांत फोरमन केलं आणि साहेब म्हणाला, "तुझ्यासारखीच माणसं आण गावाहून." ह्यांनी आठ आणली. सगळी आपल्याच वाडीतली नाहीतर शेजारच्या. कुणाचा थोरला भाऊ ह्यांच्याबरोबर शाळेत होता, कुणाची आई माझ्या माहेरच्या नात्यातली. व्हिसा सगळ्यांचा कंपनीचा, पण त्यांच्या आयांनी पोरं सोपवली ती ह्यांच्या हातात. हे लक्षात ठेव, पुढे त्याचंच सगळं झालं.

मग मी गेले माझ्या पोरीला, तुझ्या ताईला घेऊन. फहाहीलला दोन खोल्या. ती आठ माणसं कंपनीच्या कॅम्पात राहायची, पण कॅम्पातलं जेवण त्यांना गिळवेना. पहिल्याच शुक्रवारी आली जेवायला, आणि मग रोजचीच झाली. सामान सगळ्यांनी मिळून भरायचं, रांधायचं मी. तिकडे झुबेदी मिळतो, म्हणजे आपला पापलेटच. खोबरं वाटून त्याचं तिखलं केलं की दाढीमिशा आलेली माणसंही लहान पोरासारखी ताट चाटायची. सकाळी नऊ डबे भरायचे. ह्यांनी जुनी पिकअप घेतली होती, तिच्यात डबे आणि माणसं घालून शुऐबाला जायचे. महिन्याच्या पगाराला नऊ जणांनी कचेरीत रांग लावली तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून हे एकटेच जाऊन नऊ पाकिटं घेऊन यायचे. खाली सही एकच. ह्यांची.

आम्हाला त्यात काय वावगं वाटणार? गावची रीतच ती. एकजण पुढे होतो, बाकीचे विश्वासानं मागे राहतात.

बारा वर्षं अशी गेली. मग कंपनीचं कंत्राट संपलं आणि साहेबानं सांगितलं, काम बंद. नोकरी संपली की वर्षांच्या हिशेबानं कामगाराला पैसे मिळतात तिकडे. इंडेम्निटी म्हणतात. सरकारचा बेकारभत्ता आपल्यासारख्या परदेशी माणसाला कुठला, जे काय ते हेच. ह्यांनी नऊ जणांचा अर्ज केला, तर कंपनी म्हणाली, कसली इंडेम्निटी? मग प्रकरण कामगारांच्या कचेरीत गेलं. तिला तिकडे सगळे शुऊन म्हणतात.

पहिल्या तारखेला हे एकटेच गेले. परत आले ते बूट न काढताच गादीवर बसले.

"काय झालां?" मी विचारलं. घरात आमचं मालवणीच.

"माका मालक करून ठेवल्यानी," हे म्हणाले.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "बरां झालां. खयचो बंगलो दिल्यानी?"

हे हसले नाहीत. मग एकेक सांगितलं. कंपनीच्या माणसानं तिथल्या अधिकाऱ्यासमोर पगाराचे कागद ठेवले: बघा, नऊ जणांचे पैसे हा घ्यायचा, सही ह्याची. पिकअपचे कागद: गाडी ह्याच्या नावावर. आणि तिसरं म्हणजे, जेवण ह्याच्या घरून, ह्याची बायको शिजवते. हा ठेकेदार. व्हिसा तेवढा आमच्याकडून घेतला, काम स्वतःचं करायचा. त्या काळात तसं पुष्कळ चालायचं तिकडे, म्हणून ऐकणाऱ्याला खोटंही वाटेना. आणि पुढचं ऐक. हा ठेकेदार, म्हणजे ती आठ माणसं ह्याची. त्यांचं काय देणं लागत असेल ते ह्यानंच द्यावं.

कळलं ना? आमचं बुडणार ते बुडणारच, पण आठ जणांचं देणं आमच्या डोक्यावर. कुठून देणार होतो? आणि नाही दिलं तर त्या आठ आयांच्या दारावरून हे कसे जाणार?

"गावात खयच्या तोंडान जाऊ?" हे एवढंच म्हणाले, आणि मग बूट काढले.

जेवण माझंच होतं ना. बारा वर्षं ज्या हातानं वाढलं त्या हातानंच नवऱ्याला ठेकेदार केलं, असं वाटायला लागलं. त्या दिवशी भात लागला खाली. माझा भात कधी लागत नाही, तुला माहीत आहे.

माणसं संध्याकाळी आली जेवायला. कॅम्पात बातमी आधीच पोचली होती. त्यातला एक जरा थट्टेखोर, तो ताटावर बसता बसता म्हणाला, "काय मालक, आमचो हिशेब कधी?" सगळे हसले. पण बाय, हसण्याहसण्यात फरक असतो. थोड्या दिवसांनी त्यांच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा, खाली मान घालून विचारतो, "काका, रागावू नकात. कंपनीन आमच्या नावाचे पैशे तुमच्याकडे दिल्यानी तर नाय मा?" ह्यांचा घास हातातच राहिला. पुढच्या आठवड्यात गावाहून सासूबाईंचा फोन. विहिरीवर बायका काहीतरी बोलतात म्हणाल्या. आणि मग दोघं जण जेवायला यायचे बंद झाले. ताटं सातच वाढायची. त्या दोघांचे कामावरचे डबे मी धुऊन पालथे घातले होते, ते बघवत नसत.

आता डब्यावरनंच आठवलं. खरा डबा वेगळाच होता.

कोकणातला माणूस कुठेही असो, गणपतीची रजा मागतो. मिळो न मिळो, अर्ज टाकायचाच. ह्यांनी बारा वर्षं टाकला. दोनदा मिळाली, दहादा नाही. नेमकं त्याच दिवसांत शुऐबाला शटडाऊन निघायचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून सगळी दुरुस्ती, आणि परांची नसेल तर दुरुस्ती कुठली. अर्जाची पिवळी प्रत परत मिळायची, वर लाल शाईनं शेरा. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं मी तिकडे दुकानांच्या पाट्यांवरून आणि दुधाच्या डब्यांवरून जुळवायला शिकले, पण पूर्ण वाचलेला पहिला इंग्रजी शब्द सांगू? नॉट अप्रूव्हड. आधी तुझ्या ताईनं वाचून दाखवला, इंग्रजीतच, कारण ती पोर घरात मराठीला मराठीत उत्तर देईल तर शपथ. पुढे मी नुसत्या लाल रंगावरून ओळखायचे.

तर ती पिवळी चिठ्ठी मी फेकायचे नाही. चतुर्थीला आमच्या खोलीत लहानशी तसबीर मांडायचे, दिवा लावायचे आणि ती चिठ्ठी तसबिरीपुढं ठेवायचे. म्हणायचे, "बाप्पा, हे बघ. आम्ही मागितली होती. साहेबानं नाही दिली. तू घरी आलास आणि मुलगा हजर नाही, त्यात आमचा दोष नाही." देवाला शाळेतल्या बाईंसारखा गैरहजेरीचा कागद दाखवायचा! हे मला हसायचे. म्हणायचे, "देव काय हजेरी घेता?" पण रजा नाकारलेल्या एकाही वर्षी चिठ्ठी आणून दिली नाही असं झालं नाही. मग ती दुधाच्या पावडरीच्या डब्यात जायची, वाती आणि कापराच्या खाली.

त्या वर्षी चतुर्थी जवळ आली. दुसरी तारीख चतुर्थीच्या आधल्या आठवड्यातली. पासपोर्ट कंपनीकडे, गावाला जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी डबा काढून पुसत होते, आणि नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "ह्या वर्षी चिठ्ठी नाय. रजा मागूक साहेबच नाय. तुम्ही मालक ना आता, तुम्हीच तुमका रजा देवा."

बोलले आणि माझा हात थांबला.

ह्यांच्याकडे बघितलं तर हेही माझ्याकडेच बघतायत. मालक कधी कोणाकडे रजा मागतो काय गो? आणि नाही म्हटलं तर घरी येऊन गप्प बसतो? मी डबा जमिनीवर उपडा केला. कापराचे तुकडे, वाती, आणि दहा पिवळे कागद. वर ह्यांचं नाव, खाली एम्प्लॉयी नंबर असा छापील रकाना, त्यात त्यांचाच नंबर, आणि त्याखाली साहेबाची लाल सही. एकावर कारण म्हणून ह्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, घरी देव येतोय, मी एकुलता मुलगा, मी हजर पाहिजे. त्यावर साहेबाचा शेरा: देव थांबेल, शटडाऊन थांबणार नाही.

"तां कशाक ठेवलंस इतकी वर्सां?" हे म्हणाले.

"देवाक दाखवूक," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग मी सलवा भागात फोन लावला. तिथं एक पुण्याच्या वहिनी राहायच्या, त्यांचे यजमान इंजिनियर. दरवर्षी उकडीचे मोदक वळायला त्या मला बोलवायच्या, कारण त्यांच्या मोदकाला कळ्या पडायच्या नाहीत, चिंध्या पडायच्या. मी फोनवर काय काय बरळले मला आठवत नाही. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "काकू, एकही कागद फाडू नका, डाग पडला असेल तर पुसू नका, डबा आहे तसा घेऊन या." टॅक्सी करून गेले, डबा मांडीवर. त्यांनी कागद वर्षांप्रमाणे लावले, झेरॉक्स काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर कचेरीपाशी आल्या. तिथं बाहेर अरबी अर्ज टाइप करून देणारे बसतात. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा म्हातारा होता. ह्यांचं कारण वाचून त्यानं चष्म्यावरून बघितलं, "कोण येतंय घरी?" वहिनींनी सांगितलं, घरातला वर्षाचा मोठा सण आहे असं लिहा. त्यानं तसं लिहिलं, वर हसून "मबरूक", म्हणजे अभिनंदन, म्हणाला, आणि त्या एका कागदाचं काही घेतलं नाही. त्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसऱ्या तारखेला मी गेले ह्यांच्याबरोबर. हातात डबा. कंपनीकडून त्यांचा मंदूब आला होता. मंदूब म्हणजे कंपनीची कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस. हा हैदराबादचा, अरबी फर्डी बोलायचा. आणि कितीतरी शुक्रवारी माझ्या घरी झुबेदी खाऊन गेलेला! जेवणाची गोष्ट कंपनीला त्याच्याकडूनच कळली असणार. मला बघून तो जवळ आला, हळूच म्हणाला, "भाभी, मेरे कू माफ करना. नौकरी है." मी तोंड फिरवलं. आज वाटतं, फिरवायला नको होतं.

आतला अधिकारी वयस्कर, हातात जपाचे मणी. त्यानं दहा कागद टेबलावर ओळीनं मांडले, पत्ते मांडतात तसे. अरबी तर्जुमा वाचायचा, मग पिवळा कागद, मग लाल सही. घाई नाही. मग मंदूबाला काहीतरी विचारलं. मंदूबानं आपली फायल उघडली, मिटली. परत विचारलं. मग मंदूबानं आमच्याकडे वळून हिंदीत सांगितलं, "साहब पूछ रहे हैं, ये आदमी अपना मालिक था, तो अपने घर जाने को कंपनी की इजाज़त काय कू माँगता था? और कंपनी ने ना बोला, तो रुकता काय कू था?"

बाय, मला त्या क्षणी वाटलं की त्या माणसाला उठून मिठी मारावी, पण तसं चालतं होय तिकडे!

पण अजून जेवण राहिलं होतं. अधिकाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं आणि मंदूबानं विचारलं, "भाभी, साहब बोल रहे, तुम इन लोगाँ को खाना काय कू खिलाते थे?"

माझी हिंदी तुला माहीत आहे. मी म्हटलं, "इन लोग का माँ गाँव में है. इधर मैं है." एवढंच आलं.

मंदूबानं अरबीत सांगितलं. पण मी बोलले त्यापेक्षा त्याचं बोलणं बरंच लांबलं. अधिकारी हसला. मण्यांचा हात तोंडावर धरून हसला. बाहेर आल्यावर ह्यांनी त्याला विचारलं, काय रे सांगितलंस? तो म्हणाला, "सच बोला. बोला, इनका खाना मैं भी खाया, मैं कब इनका नौकर था?"

बघ हं. तो कंपनीच्या बाजूनं उभा होता. त्याचीही नोकरी होती, घरी पोरंबाळं होती. ते एक वाक्य त्यानं गिळलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पुढे त्याला साहेबानं काय ऐकवलं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी तो आला, आणि मी त्याला माशाचं डोकं वाढलं. आपल्याकडे ते मानाच्या माणसालाच वाढतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ह्यांना होतं.

निकाल चतुर्थीआधीच लागला, की नऊही जण कंपनीचेच कामगार. पैसे लगेच नाही मिळाले, दोन हप्त्यांत आले, आणि मध्ये एकदा परत खेटे घालावे लागले. पण मिळाले, ज्याचे त्याला, ज्याच्या त्याच्या सहीनं. तेव्हापासून ह्यांनी दुसऱ्याच्या पगारावर कधी सही केली नाही. दुसऱ्या कंपनीत जायला रिलीजही, म्हणजे जुन्या कंपनीचं सोडपत्र, मिळालं. ती दोन माणसं जेवायला परत आली. त्यातला तो गरीब स्वभावाचा दारातच उभा राहिला, आत येईना. हे म्हणाले, "ये रे, भात थंड होता." तेवढंच. आणि तो थट्टेखोर ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "काका, मालकी गेली तुमची. आता तुम्ही आमच्यासारकेच बेकार." हे म्हणाले, "गेली ती बरी गेली. वाढ गो ह्याका." त्या दिवशी मात्र खरं हसले सगळे.

त्या वर्षीच्या चतुर्थीला तसबिरीपुढं ठेवायला काहीच नव्हतं. दहाही कागद कचेरीच्या फायलीत गेले होते. मी रिकामा डबाच ठेवला. इतकी वर्षं लाल शाईला मी मनात काय काय बोलले होते! सासूबाईंच्या दारात देव यायचा आणि मुलगा परांचीवर, म्हणून रडलेसुद्धा. त्याच लाल शाईनं आम्हाला गावात तोंड दाखवायला ठेवलं. साहेबानं दहादा नाही म्हटलं, त्याचेही मी आभार मानले त्या दिवशी. तो मिसरी म्हातारा, सलवाच्या वहिनी, मणी ओढणारा अधिकारी, मंदूब, सगळ्यांचे मानले. आरती लांबली. ताई म्हणाली, "आई, इट्स गेटिंग लेट." म्हटलं, होऊ दे.

आता तुझं. तुमचे कायदे मला माहीत नाहीत, आणि मी वकील नाही. पण तू त्यांची नव्हतीस म्हणतात ना? मग गेल्या वर्षी दात काढायला जायचं होतं तेव्हा दोन तासांसाठी तू कुणाला विचारलंस? माझ्या साठीला यायचं होतं तुला, आणि आली नाहीस, तेव्हा कुणी नाही म्हटलं होतं? मला तेव्हा तुझा रागच आला होता. आता म्हणते, ते मेसेज असतील फोनमध्ये, ते पुसू नकोस. एखाद्या कळत्या माणसाला दाखव. नकार सांभाळून ठेवावेत बाय, कुठला कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

तो डबा अजून आहे माझ्याकडे, त्यात आता कोकमं ठेवते. ये, दाखवते तुला. काका आता परांचीवर चढत नाहीत, माडाखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हीच गोष्ट चुकीची सांगत असतात, त्यांच्या सांगण्यात कागद त्यांनीच जपलेले असतात. मोदक दोघी वळू, तुझ्या चिंध्या मी कुणाला सांगणार नाही. आणि यायला अडचण काय आहे गो? सध्या तर तुला रजा मागायलाही कुणी नाही. फोन करून विचारत बसू नकोस. पिशवी भर आणि ये लवकर.